काहीच ऐकू आलं नाही

ट्रायल रूममध्ये तिचा एक हात कोटाच्या बाहीत गेला होता आणि दुसरा अजून बाही शोधत होता, तेवढ्यात कोपऱ्यातला काळा खोका बोलला.

“हॅलो,” खोका म्हणाला. “हॅलो… ऐकू येतंय का?”

दुसरी कुणी असती तर अर्ध्या कोटानिशी रस्त्यावर आली असती. पण ही इस्पितळात कान तपासायची. दिवसभर माणसांना एका बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि बारीक बारीक आवाज सोडत राहायचं, ऐकू आलं की दाबा. सगळं इस्पितळ तिला ‘कानवाली’ म्हणायचं. ‘ऐकू येतंय का’ हे तिने आजवर शेकडो माणसांना विचारलं होतं, पण तिला उलटं कुणी कधीच विचारलं नव्हतं. त्यामुळे तिचे बिचकलेले पेशंट जे करतात तेच तिने केलं. जो हात मोकळा होता तो वर केला.

खोक्याला अर्थातच ते दिसलं नाही.

“नाहीच ना,” खोका खिन्नपणे म्हणाला. “वाटलंच मला. तुझं काही खरं नाही, बाई.”

“येतंय ऐकू!” ती दाराकडे तोंड करून ओरडली. “आणि बाई कुणाला म्हणताय?”

पलीकडे कुठेतरी काहीतरी पडलं. लोखंडी असावं. मग बराच वेळ खोका नुसता खरखरत राहिला.

“आत… कुणी आहे का?”

“मी आहे.”

“मी म्हणजे?”

“बाह्या लांब झालेला कोट.”

“माफ करा हं. मावशीने सांगितलंच नाही. बाई तुम्हाला नाही, गिटारला म्हणालो. आणि मला काही दिसत नाहीये. हा स्पीकर आहे, कॅमेरा नाही. स्पीकरला डोळे नसतात. म्हणजे… तुम्हाला माहीतच असेल.”

“गिटारला कान असतात?” तिने ओरडून विचारलं.

“नसायला पाहिजेत,” खोका म्हणाला. “हिला फुटलेत. तीच तर तक्रार आहे.”

कोटाची बटणं एक घर चुकवून ती बाहेर आली. दुकान लेडीज टेलरचं. पुढे शिवणयंत्रावर मावशी— सगळं गाव जिला मावशी म्हणतं अशी मावशी, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. मागे एक जाड पडदा. पडद्यामागे मावशीचा भाचा इलेक्ट्रिक गिटारी दुरुस्त करायचा. मागे जागा अशी होती की त्याने श्वास घेतला तर टेबलाला धक्का लागायचा, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर ट्रायल रूममध्ये ठेवलेला. शिवाय ट्रायल रूमच्या तिन्ही भिंतींना कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले होते, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नसे. आवाज पारखायला याहून चांगली जागा नाही, असं भाच्याचं म्हणणं. आतून कुणी ओरडलं तरच बाहेर कळायचं. गिऱ्हाइकं अधूनमधून ओरडायची.

पडदा सरकला. उंच, किडकिडीत, कपाळावर चढवलेलं भिंग, बोटाला चटका. तिने हसून विचारलं, “खोका तो तुम्हीच का?”

“अं,” तो म्हणाला.

तिने आणखी तीन प्रश्न विचारले. एकाला ‘हो’ आलं, एकाला ‘नाही’, आणि तिसऱ्याचं उत्तर त्याने तिच्या चपलांकडे बघून मनातल्या मनात दिलं.

“हा असाच,” मावशी टाचण्यांच्या मधून म्हणाली. “समोर माणूस आलं की याची बॅटरी उतरते. गिटारशी मात्र तासन्‌तास बोलतो. बटणं चुकलीत तुझी.”

आता योगायोग असा, की तिच्याकडेही एक गिटार होती, आणि तीही किंचाळत होती.

गिटार मामाची. मामाने तरुणपणी बँड काढला, आजोबांनी तो मोडला, आणि गिटार कपाटावर गेली ती भाचीच्या हाती लागेपर्यंत तिथेच. भाचीने इस्पितळाच्या बँडमध्ये जागा पटकावली. बँडचे पुढारी म्हणजे भूल देणारे डॉक्टर. ते बेस गिटार वाजवायचे, आणि ती ऐकून माणसं शांत व्हायची. त्यात धंद्याचा भाग किती आणि संगीताचा किती, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. इस्पितळाच्या वार्षिक कार्यक्रमात एक मोठा सोलो होता आणि तो तिला मिळाला होता. तालमीत ती अगदी त्या सोलोपाशी यायची, आवाज वाढवायची, आणि गिटार किंकाळी फोडायची. एकदा तर वरच्या मजल्यावरून दोन नर्स ट्रॉली घेऊन धावत आल्या आणि पेशंट कुठाय म्हणून विचारू लागल्या. भूलवाल्या डॉक्टरांनी त्यांच्या नेहमीच्या झोपाळू आवाजात सांगितलं होतं, की गिटार गप्प झाली तर ठीक, नाहीतर सोलो कातडीवाल्या डॉक्टरांच्या कीबोर्डला, आणि तिच्या हातात खुळखुळा.

दुसऱ्या दिवशी ती गिटार घेऊन दुकानात हजर.

त्याने गिटार उघडली, भिंग डोळ्यांवर ओढलं, आणि पडद्याआडून मावशीला हळूच काहीतरी सांगितलं. मावशी म्हणाली, “तो म्हणतोय, समजावून सांगतो, पण तू ट्रायल रूममध्ये जाऊन बस.”

ती आत स्टुलावर जाऊन बसली. खोका खरखरला, घसा साफ केला, आणि सुटला.

“तारांच्या खाली त्या दोन पट्ट्या असतात ना, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, त्याभोवती तांब्याची तार, हजारो वेढे. वरची तार थरथरली की पिकअप ती थरथर उचलतो आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो. वेढे घट्ट असले की तो फक्त तारांचं ऐकतो. सैल झाले की सगळ्यांचंच ऐकायला लागतो. बोलणं, खोकणं, दार लावणं. मग स्पीकरमधून आलेलं स्वतःचंच ऐकतो, ते परत पाठवतो, परत ऐकतो… आणि शेवटी किंचाळतो.”

“आमच्या मोठ्या काकू अशाच आहेत,” ती ओरडली. “उपाय काय?”

“नवीन पिकअप गुंडाळायचा आणि गरम मेणात बुडवायचा. वेढ्यांत मेण मुरलं की सगळं गप्प. मग त्याच्या तोंडाशी कानठळ्या बसतील असं बोला, ढिम्म हलणार नाही.”

“काकूंना?”

“काकूंसाठी फार मोठं भांडं लागेल.”

ती एकटीच स्टुलावर बसून इतकी हसली, की बाहेर ब्लाउज घ्यायला आलेल्या एक बाई ट्रायल रूममध्ये न जाताच परत गेल्या.

त्याचं म्हणणं होतं, की जुने पिकअप मेणात घालण्यात अर्थ नाही. त्यांची तार आतून कुजलीये, आणि आवाजही पातळ झालाय. नवीनच करू. पण आवाज कसा हवा, ते तिने सांगायचं.

तिने डोळे मिटले. कानांच्या धंद्यात असून तिला शब्द सापडेनात. “इस्त्रीचे कपडे असतात ना,” ती शेवटी म्हणाली, “थंडीच्या दिवसांत, मावशीने नुकतीच इस्त्री फिरवलेले… ते अंगात घातल्यावर जसं वाटतं, तसा.”

खोक्यातून कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला.

“कळलं,” तो म्हणाला. अगदी हळू. खोक्यातून सुद्धा हळू.

ती बाहेर आली तेव्हा त्याने भिंगाखाली तांब्याची तार धरली होती. ‘बघा’ असं तोंडाने म्हणायचं सोडून त्याने मान हलवली. तिने वाकून पाहिलं. तार इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही. तिच्या खांद्यावर एक गळलेला केस होता. त्याने तो चिमटीत उचलला— बोट खांद्याला लागलं, न लागलं— आणि तारेशेजारी ठेवला. दोघांची डोकी एका भिंगावर. इतक्या जवळून त्याच्या शर्टाला मेणाचा वास येत होता.

“तुमचा…” तो म्हणाला. तिने श्वास रोखला. “तुमचा केस जाड आहे.”

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला. तिने घरी गेल्यावर आरशात बराच वेळ केसांकडे पाहिलं आणि ठरवलं, की ही स्तुतीच होती.

पिकअप तो मावशीच्या जुन्या शिवणयंत्रावर गुंडाळायचा. यंत्राची सुई काढलेली, त्या जागी रीळ, आणि फेऱ्या मोजायचं छोटं मीटर. आधी मीटर शून्यावर आणायचं, मग पाय मारायचा, ठरलेल्या आकड्याला थांबायचं. साधी गोष्ट. पण पहिला पिकअप गुंडाळायला बसला, ती पडदा सारून ‘झालं का’ म्हणून डोकावली, आणि तो ठरलेल्या आकड्याला थांबायला विसरला. वेढे जास्त झाले. पिकअप बसवून वाजवला, तर गिटार उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी बोलली.

दुसऱ्या वेळी तिने फक्त बाहेरून मावशीशी गप्पा मारल्या. एवढंही पुरलं. मीटर शून्यावर आणायचंच राहिलं, वेढे कमी झाले. आवाज डासासारखा.

तिसऱ्या वेळी पुन्हा उशी.

तिला उशिरा लक्षात आलं, की तिला याचं अजिबात वाईट वाटत नाहीये.

कारण तोवर त्यांची एक रीतच पडून गेली होती. नवीन पिकअप तो एका जागी बसवायचा आणि दुसऱ्या जागी जुना, कान फुटलेला, तसाच ठेवायचा. मध्ये एक छोटा स्विच. वर केला की गिटार, खाली केला की गप्पा. ती स्टुलावर बसायची, तो स्विच वर करून वाजवायचा, ती मत द्यायची, मग ‘टक्’ असा आवाज यायचा आणि खोका बोलू लागायचा. समोरासमोर चपलांशी बोलणारा माणूस तिथून असा फिरकी घ्यायचा की बस. भूलवाले डॉक्टर रिहर्सलला उशिरा का आले, असं विचारलं की म्हणायचा, स्वतःचाच बेस ऐकला असेल. तिने विचारलं, तू मला ‘तुम्ही’ का म्हणतोस, मी तर तुला केव्हाच तू म्हणायला लागले. तर म्हणाला, तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि तुमचा केस जाड आहे, आदर ठेवावा लागतो.

अडचण एकच. मावशीचा नियम होता, ट्रायल रूम कपडे घालून बघायला आहे, संसार मांडायला नाही. आत जायचं तर कापड आणायचं. म्हणून ती कापडं आणत गेली. आधी दुसरा कोट. मग आईचे तीन ब्लाउज, उशांचे अभ्रे, बैठकीतला पडदा. वडिलांच्या पँटी इतक्या वेळा कमी झाल्या की ते घोटे उघडे टाकून ऑफिसला जाऊ लागले आणि लोकांना ती फॅशन वाटून दोघांनी तशाच शिवून घेतल्या. घरात मूळ मापाचं म्हणून काही उरलं नाही.

पण कार्यक्रम जवळ आला. चौथ्या वेळी मीटर शून्यावर होतं. तो पिकअप आणि त्याचा जोडीदार, दोन्ही मावशीच्या जुन्या दुधाच्या भांड्यात, मंद आचेवर मेणात बुडाले. बुडबुडे आले, विरले. निरोप आला, गिटार तयार आहे.

निघताना ती दारातच थांबली. गिटार दुरुस्त झाली, म्हणजे आता जायचं कशाला? तिने ठरवलं, आज आपणच विचारायचं. कॉफीला येतोस का— एवढंच, साधं. दुकानात शिरायला कापड म्हणून घरात उरलेली एकच गोष्ट तिने घेतली. रुमाल.

“हा कमी करायचाय,” तिने मावशीला सांगितलं.

मावशीने रुमालाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता तो बाजूला ठेवला. बाहेर पावसाची भुरभुर होती. इस्त्रीची वाफ काचेवर चढली होती. पडद्याच्या फटीतून तो दिसला. आज शर्ट धुतलेला, भांग पाडलेला. तारा उगाच झणझणू नयेत म्हणून खोचायचा फ्लॅनेलचा तुकडा बोटांत फिरवत होता.

“आत बसा,” तो पडद्याआडून म्हणाला. “सगळं… नीट ऐका.”

ती स्टुलावर बसली. त्याने वाजवलं.

थंडीच्या दिवसांतले, नुकतीच इस्त्री फिरवलेले कपडे. तसेच. बाहीपासून गळ्यापर्यंत. तिने डोळे मिटून घेतले आणि मनात म्हणाली, या माणसाला सगळं ऐकू येतं.

मग सूर थांबले. टक्. आणि शांतता.

ती ऐकत राहिली. धंद्याच्या सवयीने, कान टवकारून. खरखर नाही. घरघर नाही. शिट्टी नाही. खोक्यावरचा तांबडा दिवा तेवढा जळत होता. बराच वेळ अशी स्वच्छ शांतता होती, की तिला तिच्या तपासणीच्या खोलीची आठवण आली. आता किंकाळी नाही. सोलो आपला. खुळखुळा कातडीवाल्यांना.

ती बाहेर आली ती हसतच. तो पडदा बाजूला करून उभा होता, दोन्ही हातांनी पडद्याची कड धरून, आणि पहिल्यांदाच चपलांकडे न बघता सरळ तिच्या तोंडाकडे बघत होता.

“काहीच ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “अगदी काही म्हणजे काही नाही. मला हेच हवं होतं.”

त्याच्या कपाळावरचं भिंग घसरून डोळ्यांवर आलं. दोन्ही डोळे बशीएवढे दिसले, आणि मग खाली वळले.

“बरं,” तो म्हणाला.

“आता कुठे बरं वाटलं मला,” तिने आनंदाने भर घातली.

“बरं,” तो पुन्हा म्हणाला. गिटार पेटीत गेली, कड्या लागल्या, पेटी तिच्या हातात आली. “नीट वाजवा.” पडदा पडला. कॉफीचं वाक्य तिच्या जिभेवर आलेलं, ते तिथेच राहिलं. शिवणयंत्र थांबलं होतं आणि मावशी तिच्याकडे अशी बघत होती, जसं भारी कापड कुणी उलटं कापल्यावर बघतात.

ती रस्त्यावर आली. भुरभुर चालूच होती. काम झालं, पैसे दिले, गिऱ्हाईक गेलं, तिने स्वतःला समजावलं. एवढंच होतं तर एवढंच. पण तिला रडू यायला लागलं, आणि रुमाल दुकानात राहिला होता.

कार्यक्रम छान झाला. सोलोच्या वेळी भूलवाल्या डॉक्टरांनी चक्क दोन्ही डोळे उघडले. एकही नर्स धावली नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत तिने मावशी आणि भाच्यासाठी दोन खुर्च्यांवर पर्स आणि ओढणी टाकून जागा धरली होती. पर्स आणि ओढणी शेवटपर्यंत तिथेच बसून होत्या.

त्यानंतर दोन दिवसांनी मावशी इस्पितळात आली. तपासणीच्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, कान तपास.

“काय होतंय मावशी?”

“तेच तर कळेना. माझं वय एवढं. मी यंत्रावर बसलेले, पडद्याच्या अलीकडे. पलीकडे माझा भाचा गिटारच्या पोटाशी तोंड नेऊन पुटपुटला, ते मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. आणि तू, तरुण मुलगी, कानांची शिकलेली, तुझ्या कानाशी एवढा मोठा स्पीकर. आणि तुला काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे कुणाचे तरी कान गेलेत. म्हटलं माझे आधी बघून घेऊ.”

तिच्या हातातला हेडफोन खाली आला. “पुटपुटला… काय?”

मावशी बेतायचं कापड पसरावं तशी सावकाश सांगू लागली. “म्हणाला, समोर आलो की मला बोलता येत नाही, म्हणून इथून बोलतो. म्हणाला, तुमचं काम आज संपलं, आणि मला ते संपायला नको होतं. पहिल्या दोन वेळा मीटर विसरलो ते खरंच विसरलो, तिसऱ्या वेळी मुद्दाम. चौथ्या वेळी वेढ्यांत तुमचा एक केस गुंडाळला गेला, तो काढवेना. तुम्ही मला आवडता.”

खोलीत पंख्याचा आवाज फार मोठा झाला.

“आणि मग म्हणाला,” मावशीने टेप गळ्यात नीट केली, “तुम्हाला नको असेल तर बाहेर या आणि काही ऐकूच आलं नाही असं म्हणा. मी समजेन.”

तिला आपलं वाक्य आठवलं. मग पुढचं आठवलं. मग ‘आता कुठे बरं वाटलं’ हेही आठवलं, आणि तिने हेडफोन पेशंटऐवजी स्वतःच्या डोक्यावर दाबून धरला.

“पण मावशी, स्विच खाली केला ना त्याने… तिथे आता जुना पिकअप नव्हताच! दोन्ही नवीन. मेणातले. त्यांना बोललेलं ऐकू येत नाही. त्यानेच मला शिकवलंय.”

मावशीने क्षणभर विचार केला. “माझ्याच दुधाच्या भांड्यात बुडवले,” ती म्हणाली. “गाढव.”

“तो येईल का इथे?”

“तो संडासापर्यंत जात नाही सध्या. काय सांगू?”

“सांगा, मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांनी कान तपासून घ्यायचे असतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने त्याला बाहीला धरून आणलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसली. तो चपलांकडे बघत होता. या वेळी स्वतःच्या. तिने काही ओळख दाखवली नाही. बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं, आणि रोज सांगते तसंच सांगितलं, “ऐकू आलं की दाबायचं. कितीही बारीक असलं तरी. अंदाजाने दाबायचं नाही.”

जाड दार लागलं. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो. तिने आवाज सोडले, उजवीकडे, डावीकडे, बारीक, आणखी बारीक. प्रत्येक वेळी त्याने बटण दाबलं आणि तिच्या टेबलावरचा दिवा लागला. कान उत्तम होते.

मग तिने माईक ओढून घेतला. या माईकवरून ती रोज लोकांना शब्द वाचून दाखवायची. तेच तोंडातून निघाले. “कपाट,” ती म्हणाली. “खिडकी. टोपली.” तिला पहिल्यांदाच कळलं, की आडून बोलणंही काही सोपं नसतं.

“तुझा पिकअप… मेणात होता,” ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

“तू स्वतः बुडवलास. त्याला बोललेलं ऐकू येत नाही. तू स्विच खाली केलास, आणि एका चांगल्या, दुरुस्त झालेल्या गिटारला सगळं सांगितलंस. तिने ते कुणालाही सांगितलं नाही. मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.”

काचेपलीकडे त्याचा चेहरा बदलत गेला. आधी कारागिराची लाज. किती ढोबळ चूक. मग त्या लाजेच्या मागून, हळूहळू, दुसरंच काहीतरी वर आलं. दिवा लागला.

“अजून काही विचारलं नाहीये मी.”

दिवा विझला.

“मावशीने मला सगळं सांगितलं. आता माझं ऐक.” तिने खुर्चीची कड धरली. “तिसऱ्या वेळी उशी निघाली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. वडिलांच्या पँटी मी काही उगाच कापल्या नाहीत. तू मला आवडतोस. खोक्यातला आवडतोस आणि… गप्प बसतोस तोही. नको असेल तर बाहेर ये, आणि काही ऐकूच आलं नाही असं म्हण. मी समजेन.”

दिवा लागला.

दिवा लागलेलाच राहिला. ती बघत राहिली. तो विझेना. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम आलं. “अरे, कळलं मला,” ती माईकवर म्हणाली. “सोड आता.”

दिवा तसाच.

जाड दार उघडलं. तो बाहेर आला. मध्ये काच नाही, पडदा नाही, तार नाही. त्याने तळहात पुढे केला. त्यावर बटणाचा वरचा भाग होता आणि एक छोटी स्प्रिंग.

“मोडलं,” तो म्हणाला. “जरा… जोरात दाबलं गेलं.”

“दुरुस्त होईल?”

“होईल.”

“किती दिवस लागतील?”

तो तिच्याकडे बघत होता. चपला जागच्या जागी होत्या, पण त्याला त्यांची आठवण नव्हती.

“तू येणार नसशील तर… उद्या मिळेल.”

“आणि आले तर?”

“मग काही सांगता येत नाही.”

दार ढकलून मावशी आत आली. तिने दोघांकडे पाहिलं, पेटलेल्या दिव्याकडे पाहिलं, निकाल काय लागला हे विचारायची गरज तिला वाटली नाही. तिने पिशवीतून घडी घातलेला रुमाल काढला.

“हा तुझा. कुठल्या बाजूने कमी करायचा, ते सांगितलंच नव्हतंस. आता धर, नाहीतर अडगळ होते दुकानात.”

“राहू दे मावशी,” भाचा म्हणाला. स्वच्छ आवाजात, समोरासमोर, कुठल्याही स्पीकरशिवाय. “तिला अजून बऱ्याच वेळा यायचंय.”